बालगंधर्वांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी जुन्या तबकड्या ऐकायला दहा-बारा जण जमतात. आजोबांनी जपलेल्या तबकड्या, एक ग्रामोफोन, मधल्या खोलीत अंथरलेली सतरंजी, एवढाच सगळा थाट. कुणी गाणं शिकणारं असतं, कुणी कॉलेजात एकांकिका करणारं, कुणी ऑफिसातून थेट लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून आलेलं. पहिली तबकडी संपली की प्रश्न सुरू होतात, आणि गेल्या सहा वर्षांत ते फारसे बदललेले नाहीत. म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवते आहे. काही ठिकाणी मी जास्त रेंगाळले आहे, कारण तिथे रेंगाळावं असंच काही आहे.

बालगंधर्व म्हणजे नाट्यगृह ना?

नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलेलं आहे. ‘सात वाजता बालगंधर्वला भेटू’ असं आपण इतक्या सहज म्हणतो की त्या नावामागे एक चालतंबोलतं माणूस होतं हे विसरायला होतं.

त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला होऊन ते रंगमंचावर आले आणि पुढे कित्येक दशकं मराठी नाटकाची नायिका म्हणजे नारायणराव, असंच समीकरण राहिलं. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘विद्याहरण’मधली देवयानी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’तली सिंधू, ‘द्रौपदी’, ‘कान्होपात्रा’. यातली प्रत्येक बाई त्यांनी केली. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. १५ जुलै १९६७ रोजी ते पुण्यातच गेले.

हे नाव त्यांना कुणी दिलं?

लोकमान्य टिळकांनी. नारायण तेव्हा दहाएक वर्षांचा होता. पुण्यात त्याचं गाणं ऐकून टिळकांच्या तोंडून ‘बालगंधर्व’ असा उद्गार निघाला आणि तो जन्मभर चिकटला. साठीतल्या माणसालाही लोक ‘बाल’गंधर्वच म्हणत राहिले.

याचा दुसरा धागा मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांच्या भामिनीचे आणि रुक्मिणीचे शब्द लिहिले ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. खाडिलकर म्हणजे ‘केसरी’तला माणूस, टिळकांचा सहकारी. नाव देणारा आणि बोलायला शब्द देणारा, दोघेही नारायण पेठेतल्या एकाच केसरीवाड्यातले. स्वराज्याचं राजकारण आणि शालू नेसून गाणारा नट ही दोन वेगळी जगं होती असं आज वाटतं. त्या काळच्या पुण्यात ती एकाच अंगणात नांदत होती.

गाणं कुणाकडे शिकले?

भास्करबुवा बखल्यांकडे. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज सुरू करणारे तेच हे बुवा. ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्याच. घराण्याची शिस्त असलेला गवई नाटकातल्या पदांना चाली देतो आणि ती पदं घरोघरी पोचतात, ही घटना साधी नव्हे. यमन आणि बिहाग हे राग कितीतरी मराठी घरांत पहिल्यांदा शिरले ते ‘नाथ हा माझा’ आणि ‘मम आत्मा गमला’ या पदांचं बोट धरून.

लहानपणी नारायणला कानाचा त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन त्यावर मिरजेत उपचार करवले. महाराजांची नजर या मुलावर पडली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला नेहमी वाटतं.

पण बायकांची कामं पुरुषांनी का करायची? बायका नव्हत्या का?

होत्या. आणि हा प्रश्न विचारला गेला की मला बरं वाटतं.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून सीतेपासून राक्षसिणीपर्यंत सगळी कामं पुरुषच करत आले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला खेळ झाला आणि संगीत नाटक घडीव रूपात उभं राहिलं. त्यातही बायका नव्हत्या. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिका करत. लोक त्यांना लाडानं भावड्या म्हणत, आणि त्यांच्या आवाजासाठी माणसं गावोगावहून येत. १९०१ मध्ये ते गेले आणि मंडळीची नायिकाच हरपली. ती जागा चार वर्षांनी नारायणनं भरली.

याच काळात फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या. त्यांत बायका नायिका तर करतच, राजापार्टही करत. म्हणजे बाईला रंगमंचावर उभं राहता येत नव्हतं असं मुळीच नाही. पण त्या बहुतेक कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या. पांढरपेशा घरातली बाई रंगमंचावर चढली असती तर घराण्याची अब्रू गेली असती. आणि ज्यांना चढायला कुणाची हरकत नव्हती, त्यांना ‘प्रतिष्ठित’ मंडळीत जागा नव्हती. सिनेमातही सुरुवात तशीच झाली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केली ती अण्णा साळुंके या पुरुषानं. त्याच वर्षी फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. रंगमंचाला त्याच्या पुढे आणखी बरीच वर्षं लागली. हिराबाई बडोदेकर धीरानं नाटकात उतरल्या. मग १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि वारं फिरलं.

बालगंधर्वांवर माझं अतोनात प्रेम आहे. तरीही हे सांगायला हवं की ज्या जागेवर उभं राहून ते चमकले, ती जागा बायकांसाठी दार लावून घेतल्यामुळे रिकामी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी खोडायची मला गरज वाटत नाही.

ते बाई कसे ‘व्हायचे’? नुसता मेकअप की आणखी काही?

रंगभूषा, खोपा, नथ, शालू हे सगळं होतंच, आणि त्यात जराही तडजोड नसे. वस्त्रं खरी आणि उंची, दागिने ठसठशीत, रंगपटात अत्तरांचा घमघमाट. पण तेवढं इतर मंडळ्यांतले नटही करत. स्त्रीपार्ट करणारे त्या काळात शेकड्यांनी होते.

फरक कळायला त्यांचे भूमिकेतले फोटो बघा. हात कुठे आहेत ते बघा. बाईचं सोंग घेतलेला पुरुष साधारणपणे हाताचं काय करावं हे न कळून ते कमरेवर ठेवतो, नाहीतर सारखे नाचवतो. यांचे हात कामात असतात. एका हातात पदराचं टोक, दुसरा आसनाच्या कडेवर सहज टेकलेला. मान किंचित कललेली, पण लाडिकपणा नाही. आपल्याकडे कुणीतरी बघतं आहे हे जाणवलेली बाई जशी बसेल, तशी ती बसलेली असते.

माझ्या आजीनं लहानपणी त्यांची रुक्मिणी पाहिली होती. तिला पदं आठवत होतीच, पण ती पुन्हा पुन्हा सांगायची ते निराळंच. कृष्णाचं नाव निघालं की रुक्मिणी वर बघायची नाही, नुसता पदर सावरायची. आजी म्हणायची, ‘आमच्या आईलासुद्धा असा पदर घेता येत नव्हता गं.’ सत्तर वर्षांनी तिला तो पदर आठवत होता.

आणि आवाज. तबकडी लावल्यावर नवीन माणसं हमखास दचकतात, कारण त्यांना वाटत असतं की पुरुष बाईचा आवाज काढून किनऱ्या सुरात गाणार. तसं काहीच होत नाही. गळ्याला पीळ देऊन काढलेला तो आवाज नाही. तो त्यांचा स्वतःचा, मोकळा, गोड आवाज आहे. बाईपण त्याच्या उंचीत सापडणार नाही, शब्द कसा टाकला यात सापडेल. ‘नाही मी बोलत नाथा’ ऐका. ‘नाही’ या शब्दावर रुसवा आहे आणि ‘नाथा’वर येईपर्यंत तो वितळलेला आहे. अडीच-तीन मिनिटांच्या तबकडीत हे घडतं. रंगमंचावर तर पदाला वन्स मोअर पडत राहत, एकेक पद लांबत जाई आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. अशी साथ आजच्या मोठ्या मैफलींनाही सहजी मिळत नाही, आणि ती नाटकाच्या रंगमंचापुढे बसलेली असे.

या गाण्यानं नाटकाचं नुकसानही केलं. पद रंगलं की कथानक थांबायचं, समोरचा नट मुकाट उभा राहायचा. त्या काळी समीक्षकांनी ही तक्रार केली होती आणि ती रास्त होती. संगीत नाटक हळूहळू मैफल होत गेलं, त्यात बालगंधर्वांच्या यशाचा वाटा मोठा आहे.

मुलगी वारली त्याच दिवशी त्यांनी नाटक केलं, हे खरं आहे का?

हो. १२ मार्च १९११, मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लेक गेली. खेळ रद्द करावा असं इतरांनी सुचवलं, पण आलेल्या प्रेक्षकांना परत पाठवायचं नाही असं नारायणरावांनी ठरवलं आणि ते भामिनी होऊन उभे राहिले. भामिनी ही काही रडकी भूमिका नाही. ती थट्टा करते, रुसते, प्रेमात पडते.

ही गोष्ट आपल्याकडे कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगतात. मला ती तशी सांगता येत नाही. त्या रात्री घरी त्या मुलीची आई होती, लक्ष्मीबाई. तिची गोष्ट कुणी सांगत नाही.

बायका खरंच त्यांची नक्कल करायच्या?

करायच्या. साडी कशी नेसायची, केस कसे बांधायचे, गजरा कुठे माळायचा, हे त्यांच्याकडे बघून ठरू लागलं. नाटकाहून परतल्यावर आरशापुढे उभं राहून भामिनीचा अंबाडा घालून बघणाऱ्या मुली पुण्या-मुंबईत घरोघरी होत्या.

जरा थांबून याचा विचार केला की नवल वाटतं. त्या काळच्या पांढरपेशा घरातल्या बाईला चारचौघांत मान वर करून चालायची मुभा नव्हती. सुंदर कसं दिसावं, प्रेम कसं बोलून दाखवावं, नवऱ्याशी थट्टा कशी करावी हे तिला दाखवणारं घरात कुणी नव्हतं. ते तिला रंगमंचावर दिसलं आणि दाखवणारा पुरुष होता. त्यानं तिला एक मोकळीक दिली. त्याच वेळी ‘चांगली बाई’ कशी असते याचा एक साचाही दिला. सिंधूच बघा. दारुड्या नवऱ्याचे हाल सोसणारी, ‘कशि या त्यजू पदाला’ म्हणणारी. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच रंगमंचावर आलं, आणि सिंधूच्या दुःखानं थिएटरं हुंदके देत. बालगंधर्वांनी ते सोसणं इतकं सुंदर करून ठेवलं की पुढे कितीतरी सासूंनी आपल्या सुनांपुढे सिंधूचं उदाहरण ठेवलं. आमच्याच घरात ठेवलं गेलं होतं. ते पद मी डोळे मिटून ऐकते, आणि ते संपलं की आजीची आठवण येऊन मला राग येतो.

याला ड्रॅग म्हणायचं का?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि मोठी माणसं अस्वस्थ होऊन सतरंजीची कड चाचपायला लागतात. मी याचं उत्तर टाळत नाही.

आधी आपला शब्द. आपल्याकडे याला स्त्रीपार्ट म्हणत. राजापार्ट, खलपार्ट, तसा स्त्रीपार्ट. ही नटाच्या कामातली एक वाटणी होती आणि कंपनीत तिचा पगार ठरलेला असे. ड्रॅग म्हणजे पुरुषानं बाईचा किंवा बाईनं पुरुषाचा वेष करून सादर केलेली कला. ती करणारा कलाकार बहुतेकदा आपण वेषांतर केलं आहे हे लपवत नाही. उलट ते ठळक करतो, भडक करतो, त्यातून बाई आणि पुरुष या कल्पनांनाच हलवून बघतो. बालगंधर्वांना टाका दिसू द्यायचा नव्हता. त्यांच्या रुक्मिणीनं कुणालाही प्रश्नात पाडायचं नव्हतं. तिनं फक्त रुक्मिणी असायचं होतं. हेतूच्या बाजूनं बघितलं तर दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

कारागिरीच्या बाजूनं बघितलं तर मात्र ही सख्खी भावंडं आहेत. बाईपण जन्मानं येतं तितकंच ते घडवलेलंही असतं, पदर, पाऊल, मान, श्वास यांतून बांधता येतं, हे दोघांनाही ठाऊक आहे. एका बैठकीला ड्रॅग करणारा एक मुलगा आला होता. ‘मम आत्मा गमला’ ऐकताना तो सगळा वेळ आपल्या मनगटाकडे बघत होता. नंतर म्हणाला, ‘हे तान घेताना मनगट कसं वळवत असतील ते मला कळलं.’ वर्षानुवर्षं नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आमच्यापैकी कुणालाही ते सुचलं नव्हतं. तो बोलायला लागल्यावर आम्ही सगळे गप्प बसलो आणि ऐकलं.

आणखी एक गोष्ट याच प्रश्नात दडलेली आहे. तमाशातला नाच्याही पुरुषच, तोही बायकी हावभाव करायचा. त्याला हसायचं आणि बालगंधर्वांना हात जोडायचे, असं का? दोघांच्या कलेत फरक आहे हे मान्य. पण बसायला कोण येतं, तिकीट कोण काढतं आणि नट कुठल्या जातीचा, याचा त्या मानपानाशी फार मोठा संबंध होता. संगीत नाटकातलं स्त्रीपण घरंदाज ठरलं आणि तमाशातलं हिणकस. पुण्यात २०११ पासून प्राइड मोर्चा, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचा अभिमान मोर्चा, निघतो. तिथे नटूनथटून चालणाऱ्या मुलांवर काय शेरे पडतात ते मी कानांनी ऐकलं आहे. तेच शेरे मारणारा माणूस घरी जाऊन ‘नाथ हा माझा’ला मान डोलावत असेल, याची मला खात्री आहे. त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात, एवढंच मी बैठकीत सुचवते.

मग ते स्वतः…?

त्यांचं लग्न झालं होतं, मुलं झाली होती, पुढे दुसरं लग्नही झालं. कुणाचं अंतरंग त्याच्या भूमिकेवरून ठरवू नये. सिंधू करणारा नट दारुडा नवरा सोसत नव्हता आणि द्रौपदी करणाऱ्याला पाच नवरे नव्हते. हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, त्या कुजबुजीचीच मला जास्त काळजी वाटते.

संयुक्त ‘मानापमान’ काय होतं?

८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून एक प्रयोग केला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. केशवराव स्वतः ‘शारदा’ करून गाजलेले, म्हणजे दोघेही स्त्रीपार्टाचे राजे. त्या रात्री एकानं बाईचं काम केलं, दुसऱ्यानं पुरुषाचं. कोण कुणाला झाकतो म्हणून दोन्हीकडचे चाहते जीव मुठीत धरून बसले होते. पदाला पद, तानेला तान. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय जेमतेम तिशी. त्यामुळे तो प्रयोग आठवणीत गोठून राहिला.

इतकं यश होतं तर कर्ज कसं झालं?

कारण ते नटासारखा विचार करत, मालकासारखा नाही. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे आणि पुढे बोडस बाहेर पडले, आणि सगळा भार यांच्या एकट्याच्या खांद्यावर आला. प्रेक्षक हा ‘अन्नदाता मायबाप’, त्याला खोटं काही दाखवायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. म्हणजे शालू खरा, अत्तर खरं, नेपथ्य राजवाड्याला शोभेल असं. १९२० च्या ‘द्रौपदी’वर पाण्यासारखा पैसा ओतला. शिवाय मंडळी म्हणजे मोठं खटलं: नट, वादक, आचारी, गाडीभाडं, गावोगावचे मुक्काम. भेटेल त्याला ‘देवा’ म्हणून हाक मारणारा माणूस हिशेबाच्या वहीशी कसा भांडणार? पुढे बोलपट आला, प्रेक्षक तिकडे वळले. कर्ज त्यांनी झटकलं मात्र नाही. गात गात फेडत राहिले.

सिनेमात का टिकले नाहीत?

१९३४ च्या अखेरीस मंडळीचा पडदा पडला आणि ते प्रभात फिल्म कंपनीकडे गेले. प्रभात तेव्हा कोल्हापूर सोडून पुण्यात आली होती, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त, १९३५ मध्ये, ते संत एकनाथ झाले. चित्रपटाचं आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, पण ते सेन्सॉरच्या डोळ्यांत खुपलं म्हणून बदलावं लागलं. लोकांना नारायणराव मिशीत बघायचे नव्हते, आणि नारायणरावांना समोर माणसं नसताना गाणं जमत नव्हतं. प्रभातशी जोडी तिथेच संपली. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी पुन्हा स्त्रीभूमिका केली, तीही चालली नाही. कॅमेरा जवळून बघतो. पन्नाशीकडे झुकलेल्या चेहऱ्यावरची मीरा त्याला पटेना. रंगमंचावर तोच चेहरा तिसऱ्या रांगेपासून मागे अजूनही तरुण दिसत होता.

गोहरबाईंमुळे त्यांचं वाटोळं झालं, असं आमच्या घरी म्हणतात.

अनेक घरांत म्हणतात. तारखा बघा. मंडळी बंद पडली ती १९३४ मध्ये आणि गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याबरोबर काम करू लागल्या १९३८ मध्ये. कर्जाचा डोंगर त्याआधीच उभा होता.

गोहरबाई उत्तम गायिका होत्या. चित्रपटांत गाणाऱ्या अमीरबाई कर्नाटकी त्यांची बहीण. कलकत्त्याच्या गौहर जान या वेगळ्या, दोघींची गल्लत करू नका. बालगंधर्वांची गायकी गोहरबाईंनी इतकी आत्मसात केली होती की लोक थक्क होत. त्यांच्यामुळे मंडळी पुन्हा उभी राहिली आणि नायिकेच्या जागी आता एक बाई उभी राहिली, तीही बालगंधर्वांसारखी गाणारी. एका पुरुषानं घडवलेलं बाईपण एक बाई शिकून रंगमंचावर आणते, हे वळण या सगळ्या कहाणीतलं मला सर्वांत विलक्षण वाटतं, आणि त्यावर सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे. लक्ष्मीबाई १९४० मध्ये गेल्या. १९५१ मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केलं. त्या मुसलमान, त्या गाणारणीच्या पेशातल्या, म्हणून पुण्यानं त्यांना घरात घेतलं नाही. नारायणरावांच्या पायांनी साथ सोडली तेव्हा त्यांची शुश्रूषा गोहरबाईंनी केली. १९६४ मध्ये त्या गेल्या, नारायणरावांच्या तीन वर्षं आधी. बैठकीत मी त्यांचीही एक तबकडी लावते.

पुण्यात त्यांच्या खुणा कुठे सापडतात?

रंगमंदिरापासून सुरुवात करा, पण नाटकाच्या अर्धा तास आधी जा. जंगली महाराज रस्त्यावरच्या या वास्तूची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. हे रंगमंदिर उभं राहावं म्हणून पु. ल. देशपांड्यांनी जीव ओतला होता. उद्घाटन झालं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मतारखेला. ते बघायला मात्र ते उरले नव्हते. आत गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन भव्य तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक नायिकेच्या वेषातलं. दोन्हींपुढे उभं राहून एका चित्रातले डोळे दुसऱ्यात शोधा. माझ्याबरोबर आलेली माणसं तिथून लवकर हलत नाहीत. वास्तूच्या पुनर्विकासाची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. पुढे काहीही होवो, ही चित्रं सुरक्षित राहावीत असं मला मनापासून वाटतं.

मग भारत गायन समाज, भास्करबुवांचा. वेळ असेल तर सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर, १८९४ पासूनची संस्था. आणि लॉ कॉलेज रस्त्यावरचा प्रभातचा जुना स्टुडिओ.

२०११ चा ‘बालगंधर्व’ चित्रपट बघितला तर पुरे का?

सुभाष नव्हे, सुबोध भावे यांनी ती भूमिका केली आहे, लोक नाव चुकवतात म्हणून सांगते. चित्रपट जरूर बघा. त्यातल्या गाण्यासाठी पुण्याच्या आनंद भाट्यांना आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाडांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, दोन्ही रास्त. पण त्यानंतर मूळ तबकडी ऐका.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं काय ऐकावं?

‘नाथ हा माझा’पासून सगळेच सुरुवात करतात. मी ‘अगा वैकुंठीच्या राया’ सुचवते, ‘कान्होपात्रा’तलं, १९३१ चं, चाल मास्टर कृष्णरावांची. राजाच्या जनानखान्यात जायला नकार देऊन विठ्ठलाच्या पायाशी जाऊन पडणाऱ्या एका गणिकेच्या मुलीचा हा आर्त धावा आहे, शब्द तिचे स्वतःचे. इथे नटवेपणा नाही, शालूची झळाळी नाही. तबकडीच्या खरखरीची सवय व्हायला दोन-तीनदा ऐकावं लागतं. चौथ्या वेळी खरखर ऐकू येत नाही.

मग ‘जोहार मायबाप’. मग ‘सत्य वदे वचनाला’. भामिनी आणि रुक्मिणीकडे त्यानंतर या.

बैठकीला यायला काय लागतं?

काही नाही. तिकीट नाही, ओळखीची गरज नाही. चपला जिन्याखाली काढाव्यात, फोन बंद ठेवावा आणि साडेसहाच्या आत यावं, कारण ग्रामोफोनला चावी एकदा दिली की मी दार उघडायला उठत नाही. घरी कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या पडल्या असतील तर त्या उभ्या ठेवून, मध्ये कागद घालून आणा. आडव्या आणल्या तर रिक्षातच तडकतात.